चढापुरती

आमच्या सासरी कुठलंही लग्न असो, हळदीच्या दिवशी मांडवात कुणीतरी जुन्या मोटारीची गोष्ट काढतंच. खाडीकाठच्या चिखलातून, त्या उभ्या चढावरून, थोरल्या दिरांनी ती काळी धूड गाडी कशी वर काढली, असा ड्रायव्हर पुन्हा होणे नाही, वगैरे वगैरे. ऐकणारे माना डोलावतात. सांगणारे त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. मी कोपऱ्यात पानसुपारीचं तबक पुढ्यात घेऊन बसलेली असते आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गाडी चढली ती त्यांच्या हुशारीनं नाही. मागच्या बाकावर माझ्या थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या म्हणून चढली. हे मी एकदा मांडवात मोठ्यानं बोलून दाखवलं, तर सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. थट्टा कसली? सगळं पहिल्यापासून सांगते, मग हसा.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडाच काळ झाला होता. माझं माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळ. सासर डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरच्याही पुढे, खाडीला लागून. दोन्हीकडची माणसं भातशेतीची आणि मिठागराची, पण वडिलांनी मला शाळेत घातलं होतं. त्यामुळे माझं बोलणं ऐकून सासरी सगळे मला 'मास्तरीण' म्हणायचे. ते काही कौतुकानं नव्हे.

स्टेशनाजवळ तेव्हा बाहेरची माणसं येऊन घरं बांधायला लागली होती. आमच्या जमिनीचे तुकडे विकले जात होते आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आपण आता मोठे झालो असं वाटायला लागलं होतं. कल्याणच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली मोटार टाकून चालला होता, ती त्यांनी घेतली. लांबलचक, काळी, पुढे तिघं बसतील असा सलग बाक आणि मागे तसाच दुसरा. ती चालवायला शिकले थोरले दीर. माझे यजमान रेल्वेच्या कारखान्यात पाळीला जायचे, त्यांना त्या गाडीचं सोयरसुतक नव्हतं.

गाडी आली, पण रस्ता कुठे होता? घरापासून निघायचं ते खाडीच्या बांधावरून, आणि बांध संपला की सडकेला लागायच्या आधी एक चढ. फार मोठा नाही, पण उभा. त्याच्या माथ्यावर वळण, आणि वळण घेतलं की सडक. उन्हाळ्यात तो चढ दगडासारखा व्हायचा. पावसाळ्यात मात्र त्या खाऱ्या चिकण मातीवर लोणी फासल्यासारखं व्हायचं, आणि दिवाळी येईपर्यंत ती काही पुरती वाळायची नाही.

त्या चढाशी आलं की थोरले दीर गाडी थांबवायचे आणि मान मागे वळवून ओरडायचे, "उतरा गो बायांनो! गारी उलार झायली!"

उलार म्हणजे काय ते बैलगाडीत बसलेल्यांना सांगायला नको. गाडीत मागच्या अंगाला जास्त भार झाला की पुढचं जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यातली जोती आवळतात. म्हणून चढावर माणसं खाली उतरतात आणि जी उरतात ती पुढे, धुरेकडे सरकतात. आमच्या घरच्या पुरुषांची सगळी हयात बैलगाडीत गेलेली. पिढ्यान् पिढ्या जे खरं ठरलं ते मोटारीलाही लागू पडणारच, याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती. त्यामुळे मागे बसलेल्या आम्ही बायका उतरायचो. कुणी पुरुष मागे बसला असलाच तर तोही पुढे जाऊन दाटीवाटीनं बसायचा. आणि आम्ही लुगड्यांचे काचे वर खोचून, गुडघाभर चिखलात उभ्या राहून, मागून गाडी ढकलायचो.

मग व्हायचं काय? दीर पाय दाबून इंजिन गरजवायचे. मागची चाकं जागच्या जागी गरगरा फिरायची. त्यांचा सगळा चिखल आमच्या तोंडावर, केसांवर, सणाला नेसलेल्या लुगड्यांवर. गाडी तसूभर हलायची नाही. दीर जितका जास्त पाय दाबायचे तितकं चाक खोल खड्डा करून बसायचं. मग बैलजोडी आणायची, दोर बांधायचा, गाडी वर ओढायची. आणि वर पोचल्यावर ऐकायचं काय, तर बायका फार जड झाल्या!

बायका म्हणजे आम्ही सगळ्या नव्हे. बोट होतं ते जाऊबाईंकडे.

जाऊबाई अंगानं चांगल्या थोराड होत्या. उंच, रुंद, दंड कसे भरलेले. भाताचा भारा एकटीनं उचलून डोक्यावर घ्यायच्या. त्यांना मूल नव्हतं, हेही बोलायला घरात सगळ्यांना पुरायचं. मोटार आल्यावर आणखी एक विषय मिळाला. "हिला बसवली का गारी रुतते," असं दीर चारचौघांत म्हणायचे, स्वतःच्या बायकोबद्दल, आणि पुढच्या बाकावर हशा पिकायचा. जाऊबाईसुद्धा हसायच्या. मला ते हसणं बघवत नसे. मी एकदा विचारलं, "तुम्ही कशाला हसता?" तर म्हणाल्या, "नाय हासले त रडायला लागंल, मंग तेलाबी हासतील."

हळूहळू त्यांना गाडीत घेणंच बंद झालं. लग्नं, बारशी, जत्रा, सगळीकडे आम्ही जायचो आणि जाऊबाई घरी. त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नसतं. पण त्यांचं माहेर होतं ठाण्याच्या पलीकडे, घोडबंदरच्या वाटेवरच्या एका खेड्यात. आई नव्हती, भाऊ नव्हता. होता तो एकटा बाप. आयुष्यभर मिठागरात राबून त्याचे पाय मिठानं चिरलेले आणि आता छातीत दम भरलेला. ठाण्यापर्यंत आगगाडी होती, मला ठाऊक आहे. पण सुनेनं एकटीनं आगगाडीनं जायचं नाही हा घरचा नियम, आणि दारात मोटार असताना आगगाडीत बसणं मामंजींना कमीपणाचं वाटायचं. म्हणजे आगगाडीनं जायचं नाही आणि मोटारीनं न्यायचं नाही. हा कुठला न्याय? मोटार येण्याच्या आधी जाऊबाई बैलगाडीतून, आगगाडीतून, कुणाच्या तरी सोबतीनं वर्षातून एकदा तरी माहेरी जायच्या. मोटार आली आणि तेही बंद झालं.

बापानं मोटारीचं ऐकलं होतं. त्या बाजूच्या कुणाकडून तरी त्याचा निरोप यायचा, 'माजी पोर मोटारीन बसून येवदे, मंग मी मरंन.' हा निरोप जाऊबाई मला परत परत सांगायच्या आणि पुन्हा हसायच्या.

आता गाडी धुवायचं काम कुणाकडे असेल? अर्थात सुनांकडे. पुरुषांनी ती रुतवायची आणि बायकांनी ती धुवायची. विहिरीशी चिंचेखाली गाडी उभी करून आम्ही दोघी नारळाच्या शेंड्यांनी चिखल घासायचो. असंच एकदा घासताना माझ्या लक्षात आलं की पुढच्या चाकांच्या खाचांत चिखल जसाच्या तसा गच्च बसला आहे. सुरीनं काढावा लागत होता. मागची चाकं मात्र घासून पुसून लख्ख. फिरून फिरून त्यांनी स्वतःचा चिखल आमच्या अंगावर फेकला होता. मी वाकून खाली बघितलं. इंजिनापासून एक लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालून थेट मागच्या चाकांच्या आसापर्यंत गेलेला. पुढच्या चाकांना असं काहीच नव्हतं. ती बिचारी नुसती वळायची.

मी तिथेच मटकन बसले. बैलगाडीत ओढणारे बैल पुढे असतात आणि चाकं फक्त घरंगळत येतात. या गाडीत पुढे कुणी ओढतच नाही. मागची दोन चाकं जमिनीला रेटा देतात आणि गाडी पुढे जाते. रेटा द्यायचा तर पाय रोवायला हवा, आणि पाय रोवायला त्याच्यावर भार हवा. आवणात भात लावताना आम्हा बायकांना हे रोज कळायचं, ज्या पायावर अंग टाकलं तो धरतो, दुसरा घसरतो. इथे काय चाललं होतं? इंजिनाचं धूड मुळात पुढे. त्यात सगळे पुरुष पुढच्या बाकावर. मागचा बाक रिकामा, कारण बायका खाली! ज्या चाकांनी चढायचं त्यांच्यावरचा भार नेमका काढून घ्यायचा आणि वर त्या भारालाच दोष द्यायचा.

मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली शेंडी खाली ठेवली, गाडीकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "म्हंजी मी बसले त गारी चरंल?"

"चढेल."

"मंग तेंना सांग."

मी सांगितलं. जेवण वाढताना, डोक्यावर पदर घेऊन, नीट शब्दांत सांगितलं, की चढावर मागच्यांना उतरवू नका, उलट पुढच्यांनी मागे बसा. थोरले दीर भाताचा घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तरनी, तू पाटीवर गारी कार न् ती चालव." मामंजी म्हणाले, "पुरसांनी मागं बसाचं? न् लोक कया बोलतील?" संपलं. मागे बायका बसतात, म्हणून पुरुष मागे बसणार नाहीत. त्यापेक्षा बैल आणतील, दोर लावतील, सगळ्या गावासमोर मोटारीला बैल जुंपून नेतील, त्यात कमीपणा नाही.

पुढच्या पावसाळ्यात एकदा नातेवाइकांकडे द्यायची तांदळाची पोती गाडीत टाकली होती. डिकीत मावली नाहीत ती मागच्या बाकावर ठेवली. पोत्यांना 'उतरा गो' म्हणून सांगता येत नाही. ती राहिली जागेवर, आणि गाडी काही कटकट न करता सरळ चढ चढून गेली. दीर घरी परतले ते छाती फुगवून. म्हणे त्यांना गाडीची खोड कळली! दोन दिवस गावभर सांगत फिरले, की मागं वजन लागतं, हे मी शोधून काढलं. मी स्वैपाकघरात उभी राहून ऐकत होते. जाऊबाईंनी माझा हात दाबून धरला होता, नाहीतर मी बाहेर जाऊन काय बोलले असते कोण जाणे.

अर्धवट कळलेल्या माणसाइतकं धोक्याचं कुणी नाही. दिरांनी खाडीतून काढलेली रेती पोत्यांत भरली आणि डिकीत कोंबली. डिकी म्हणजे गाडीचं अगदी शेपूट, मागच्या चाकांच्याही मागे. एवढं वजन तिथे पडल्यावर गाडीनं बूड टेकलं आणि नाक आभाळाकडे केलं. चढ तिनं चढला. पण माथ्यावर वळण होतं ना? पुढची चाकं हलकी झालेली, त्यांना जमिनीचा धर नाही. दिरांनी चक्र फिरवलं, चाकं वळली, गाडी वळली नाही. तिनं सडक ओलांडली आणि पलीकडच्या आवणात, नुकत्याच लावलेल्या भातात जाऊन बसली. मामंजींच्या टोपीवर बेडूक बसला होता असं म्हणतात. मी पाहिला नाही, पण माझा विश्वास आहे.

त्यानंतर दिरांनी फार विचार केला असावा. रेती नको, कारण नाक उचलतं. पोती मागच्या बाकावर ठेवायची तर बाक खराब होतो, आणि माथ्यावर पोचल्यावर ती उतरवायला माणूस लागतं. म्हणजे त्यांना असं वजन हवं होतं जे बाकावर बसेल, बाक खराब करणार नाही, आपल्या पायांनी चढेल आणि आपल्या पायांनी उतरेल.

आणि एके सकाळी ते जाऊबाईंना म्हणाले, "चल, गारीन बस."

मला ती सकाळ जशीच्या तशी आठवते. गाडी ठाण्याला जमिनीच्या खटल्याच्या तारखेसाठी चालली होती. जाऊबाईंना वाटलं, आपल्याला नेताहेत. का वाटू नये? त्या धावत आत गेल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. केसांत अबोली माळली. बापासाठी सुके बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या एका फडक्यात बांधल्या. ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेला कुणीतरी सोडेल असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी त्यांना दाराशी सोडायला गेले, तर मागच्या बाकावर बसून त्यांनी मला हात केला. त्यांना तसा हात करताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी चढ चढून गेली. मी बघत होते. थोड्या वेळानं चढावरून एक हिरवं लुगडं खाली येताना दिसलं. हातात फडक्याची गाठोडी तशीच. काठ चिखलात भिजलेले. माथ्यावर गाडी थांबवून दिरांनी त्यांना सांगितलं होतं, "आता उतर. जा घरा." त्यांची गरज तेवढीच होती.

जाऊबाई सरळ घरात गेल्या. लुगडं बदललं आणि बोंबील फडताळात परत ठेवले. मी मात्र दिवसभर भांडी आपटत होते. संध्याकाळी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी काय करू? दादाची गाडी, दादाची बायको." हे आणखी एक. जणू बायकोसुद्धा डिकीत ठेवायच्या सामानात जमा.

आणि मग हा रिवाजच पडला. ओल असेपर्यंत, गाडी कुठेही निघाली की जाऊबाईंना हाक. हातातलं काम टाकून यायचं, मागे बसायचं, चढ चढवून द्यायचा, माथ्यावर उतरायचं आणि चालत घरी यायचं. कधी कधी मी माहेरी जात असले की त्यांच्या शेजारी बसलेली असायची. त्या उतरल्या की बाकाची ती बाजू एकदम वर यायची. मी दिरांना ऐकू जाईल असं म्हणायची, "भावोजी, यांनाही घेऊ या ना ठाण्याला." पुढून उत्तर यायचं, "आगगारीच्या फाटकापाशी ओलं हाय, गारी जर होईल." चढावर जाऊबाई जड नसायच्या, सपाट सडकेवर त्या जड व्हायच्या!

पहिल्या दिवसानंतर त्यांनी कधी ठेवणीतलं लुगडं नेसलं नाही. घरातल्या कामाच्या फाटक्या लुगड्यातच त्या गाडीत चढायच्या. आता त्या हसतही नव्हत्या.

नवरात्राच्या आधी बापाचा निरोप आला. आता दम जात नाही, अन्न जात नाही, पोरीला पाठवा. त्याच सुमारास पुन्हा जमिनीची तारीख होती. मी सासूच्या जागी असलेल्या चुलत सासूकडून, यजमानांकडून, सगळ्यांकडून सांगून पाहिलं. दीर म्हणाले, "तारीख होवदे. मंग बगू." मामंजींनी मान डोलावली. मरायला टेकलेल्या माणसाला तारीख होईपर्यंत थांबायला सांगणारी ही माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला गंध लावून गाडीत बसली.

मीही टेंभी नाक्याला वडिलांकडे जाणार होते. मागच्या बाकावर बसायला गेले तर जाऊबाई आधीच तिथे बसलेल्या. हिरवं लुगडं. मांडीवर फडक्याची गाठोडी. दिरांनी आरशातून पाहिलं, पण चढ समोर होता, त्यांनी नजर पुन्हा पुढे वळवली. पुढे दीर, मामंजी आणि मामंजींचे एक चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे. गाडी निघाली, चढाला लागली आणि सहज वर गेली.

माथ्यावर थांबली. "उतर," दीर म्हणाले.

"नाय उतरायची."

असं उत्तर त्या घरात कुणी कधी दिलंच नव्हतं, त्यामुळे ते ऐकूच आलं नाही अशा थाटात दीर पुन्हा म्हणाले, "उतर, उशीर होतंय."

"नाय उतरायची. चरायला मी लागतंय ना? मंग पोचायलाबी मी." जाऊबाईंचा आवाज चढला नव्हता. "माजा बापूस मरतंय. मना आज उतरवलंस, त उद्यापासून या चरावर तुमी गारी चरवून दाखवा. मी परत बसाची नाय. पोती भरा, रेती भरा, नायतर बैल जुपा."

चुलत सासरे खोकले. दीर मागे वळले, हात उगारल्यासारखा केला. मी बोलले, "भावोजी, त्यांच्या अंगाला हात लागला तर मी ओरडेन, आणि सडकेवर माणसं आहेत." माझा आवाज थरथरत होता, रागानं. भीतीनं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

मामंजी समोर काचेतून बघत होते. शेवटी म्हणाले, "चल रं. हाक गारी." सुनेची दया आली म्हणून नव्हे. चढाचा विचार करून म्हणाले, मला त्यांचं डोकं ठाऊक होतं. पण मला काय त्याचं? गाडी निघाली.

फाटक, शीळ, मुंब्रा, कळव्याचा पूल, ठाणे. तारखेचं काम उरकेपर्यंत आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो. मी टेंभी नाक्याला उतरलेच नाही. वाटलं, मी उतरले तर हे लोक जाऊबाईंना इथेच कुठेतरी उतरवतील. दुपारनंतर गाडी घोडबंदरच्या वाटेला लागली. सडक सोडून जाऊबाईंच्या गावाकडे वळलो, आणि समोर काय? तिथेही चढ. आमच्यापेक्षा लांब, तसाच ओला.

दिरांनी गाडी चढाला लावली. अर्ध्यावर चाकं फिरायला लागली, गाडी मागे घसरली. दुसऱ्यांदा तेच. आम्ही दोघी मागे होतो, पण पुढे तिघं दांडगे बसलेले. त्यांचं वजन चढायला उपयोगाचं नव्हतं, नुसतं वाहून न्यायला लागत होतं. दिरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "बायांनी उतरा..." आणि ते मध्येच थांबले.

जाऊबाईंनी पुढच्या बाकावर बोटांनी टकटक केलं.

"मामा, तुमी उतरा. न् काका, तुमीबी."

मामंजींनी मागे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या थोरल्या सुनेकडे सरळ बघितलं असेल. मग त्यांनी दार उघडलं, धोतर वर धरलं आणि कोल्हापुरी वहाणांसकट चिखलात उतरले. चुलत सासरे त्यांच्यामागून. जाऊबाई बाकाच्या मधोमध सरकल्या. "सावकास," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पाय दाबू नुको, गारी आपसूक जाईल." दिरांनी ऐकलं. चाकांनी जमीन धरली आणि गाडी हळूहळू, न घसरता, एका दमात वर गेली. मागच्या काचेतून मी बघितलं, मामंजी आणि चुलत सासरे एकमेकांना धरून, वहाणा हातात घेऊन चढत होते. आमच्या चाकांनी उडवलेला थोडा चिखल त्यांच्यावरही गेला होता. मला वाईट वाटलं नाही.

बाप ओटीवर बाजेवर पडला होता, भिंतीला उशी लावून अर्धवट उठवलेला. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली. अंगणात ती काळी मोटार उभी राहिली, नवरा चक्राशी, पुढचा बाक रिकामा आणि मागे मधोमध त्याची लेक. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यानं पुष्कळ वेळ बघितलं.

"मोटारीन आयलीस?"

"हां बा."

"न् बाकीचे?"

जाऊबाईंनी दार उघडलं, गाठोडी आधी खाली ठेवली, मग स्वतः उतरल्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, पोचल्या म्हणून.

"मागून येतान," त्या म्हणाल्या. "चालत."